सत्यशोधन, शहादत आणि असगरअली इंजिनिअर

मराठी माणसापुढे 'सत्यशोधक' हा शब्द उच्चारला की त्याला महात्मा फुले आठवतात. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. आमच्या मोहल्ल्यात हाच शब्द उच्चारला तर हमीद दलवाई आठवतात आणि बैठकीत लगेच दोन तट पडतात. २२ मार्च १९७० रोजी स्थापन झालेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या वादात आम्हाला येथे शिरायचे नाही. या शब्दाचे आणखी एक रूप आपल्या परिचयाचे आहे आणि ते म्हणजे 'सत्यशोधन समिती'. कुठे दंगल झाली, गोळीबार झाला की आठ-दहा दिवसांनी वर्तमानपत्रात बातमी येते की अमुक नागरिकांची सत्यशोधन समिती शहरात येऊन गेली. दोन निवृत्त न्यायमूर्ती, एखादा प्राध्यापक, एखादा वकील, एखादी कार्यकर्ती. ही मंडळी गल्लीबोळांतून फिरतात, जळलेल्या घरांच्या उंबऱ्यावर बसतात, लोकांचे म्हणणे लिहून घेतात आणि महिन्या-दोन महिन्यांनी एक पुस्तिका काढतात. त्या पुस्तिकेला कायद्याचे बळ नसते. पोलीस ठाण्यात ती कोणी विचारत नाही. तरीही पुढे इतिहास लिहिणाऱ्याला तिच्याकडेच यावे लागते.

या प्रकारच्या लेखनाकडे साहित्य म्हणून आपण कधी पाहिले नाही. मुस्लिम मराठी साहित्याच्या चर्चेत कथा, कविता, आत्मकथन यांचा विचार होतो, आणि अहवाल हा ग्रंथालयाच्या मागच्या कपाटात पडून राहतो. ज्या समाजाच्या अनुभवाचा मोठा भाग अहवालांतच नोंदला गेला आहे, त्या समाजाने अहवालाची समीक्षा करू नये, हे आम्हाला चमत्कारिक वाटते. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही डॉ. असगरअली इंजिनिअर यांच्या दंगलविषयक लेखनाकडे वळलो आहोत. सत्यशोधनाच्या सार्वजनिक चळवळीला आयुष्यभर पाठबळ देणारा, स्वतः त्या कामासाठी गावोगाव हिंडणारा आणि त्याच वेळी आपल्या जमातीच्या एका सुधारणावादी चळवळीचे नेतृत्व करणारा असा दुसरा माणूस आमच्या पाहण्यात नाही.

इंजिनिअर यांचा जन्म १० मार्च १९३९ रोजी राजस्थानातील सलुंबर येथे झाला. वडील शेख कुरबान हुसेन हे दाऊदी बोहरा जमातीत आमिल होते. अरबी, तफसीर, हदीस, फिकह यांचे शिक्षण मुलाला वडिलांकडूनच मिळाले. पुढे त्यांनी विक्रम विद्यापीठाची स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी घेतली आणि मुंबई महानगरपालिकेत नोकरी धरली. मदरशाचे ज्ञान आणि इंजिनिअरची नजर या दोन्ही गोष्टी त्यांच्या लेखनात अखेरपर्यंत एकत्र नांदल्या. पडलेल्या इमारतीची पाहणी करणारा अभियंता आधी पाया तपासतो, भिंतींचे रंग नंतर बघतो. इंजिनिअर दंगलग्रस्त शहरात गेले की तेथील धंदा कोणता, तो कोणाच्या हातात आहे, गेल्या दहा वर्षांत कोण वर आले आणि कोण खाली गेले, हे आधी विचारत.

त्यांना या कामाकडे ओढणारी घटना म्हणजे १९६१ ची जबलपूरची दंगल. स्वतंत्र भारतात आता असे होणार नाही, अशी समजूत असलेल्या विद्यार्थिदशेतल्या तरुणाला त्या दंगलीने हादरवले. जबलपूरविषयी पुढे लिहिताना त्यांनी तेथील विडी कारखानदारांच्या स्पर्धेकडे बोट दाखवले. मुरादाबाद म्हटले की पितळेची भांडी, अलिगड म्हटले की कुलपे आणि आमची भिवंडी म्हटली की यंत्रमाग. जेथे मुसलमान कारागीर मालक होऊ लागला, तेथे जुन्या व्यापारी हितसंबंधांशी त्याची टक्कर झाली आणि राजकारण्यांनी त्या टकरीला धर्माचा झेंडा लावला, हे त्यांच्या मांडणीचे सूत्र आहे. दंगल म्हणजे दोन धर्मांतील जुने वैर अचानक उफाळून येणे, ही समजूत त्यांनी मोडून काढली. वैर जुने असेल तर ते रोज का उफाळत नाही? याच शहरात का, याच महिन्यात का, निवडणुकीच्या आधीच का? हे प्रश्न आज कोणीही विचारतो. ते विचारायची सवय ज्यांनी लावली त्यांत इंजिनिअर यांचा वाटा मोठा आहे.

१९८४ च्या मे महिन्यात भिवंडी आणि मुंबई पेटली. त्याच वर्षी त्यांचे 'भिवंडी-बॉम्बे रायट्स' हे इंग्रजी पुस्तक आले. आमचा जन्म त्या दंगलीनंतरचा, आणि वाढलो ते भिवंडीतच. मागाच्या खटखटीत झोप लागते, वीज गेली आणि माग थांबले की जाग येते, असे आमचे बालपण. घरी १९८४ विषयी कोणी बोलत नसे. अब्बा एवढेच म्हणत, "वो साल खराब था." म्हणून बी.एड. करीत असताना ग्रंथालयात हे पुस्तक हाती लागले तेव्हा आम्ही ते संदर्भग्रंथ म्हणून वाचले नाही. आपल्याच घरात कुलूप लावून ठेवलेली खोली कोणीतरी उघडून दाखवावी, तसे ते वाचले. आमची इंग्रजी तेव्हा कच्ची होती आणि शब्दकोश शेजारी घेऊन बसावे लागे. पण वस्त्यांची नावे आमच्या ओळखीची होती. ज्या रस्त्याने आम्ही शाळेत जात होतो त्या रस्त्यावर काय घडले होते, हे आम्हाला विशीत, परक्या भाषेतून कळले.

आता त्या लेखनाच्या गुणदोषांकडे वळू. पहिला गुण म्हणजे तपशिलाविषयीचा आदर. अफवा कोणती होती आणि घटना कोणती होती, हे ते वेगळे करून ठेवतात. वर्तमानपत्रांनी काय छापले याचीही ते नोंद घेतात, कारण छापलेली अफवा ही तोंडी अफवेपेक्षा घातक असते. दुसरा गुण म्हणजे संयम. हा माणूस रडत नाही, शिव्या देत नाही. मुसलमान मेले म्हणून आकडा फुगवत नाही आणि हिंदू मेले म्हणून तो दडवत नाही. तिसरा गुण सातत्याचा. एका दंगलीवर पुस्तक लिहून ते थांबले नाहीत. स्वतंत्र भारतातील दंगलींवर १९८४ मध्ये त्यांनी संपादित केलेला ग्रंथ, १९८८ चे दिल्ली-मेरठवरील पुस्तक, गुजरातच्या नरसंहारानंतर २००३ मध्ये आलेले पुस्तक आणि दरवर्षी त्या वर्षातील दंगलींचा आढावा घेणारे लेख, अशी ही जवळपास तीस वर्षांची नोंदवही आहे.

दोषही सांगितले पाहिजेत. आर्थिक कारणांचा चष्मा कधीकधी त्यांच्या डोळ्यांवर इतका घट्ट बसतो की माणसे दिसेनाशी होतात. भिवंडीत यंत्रमागाची स्पर्धा होती, हे मान्य. पण ज्या शेजाऱ्याने ईदच्या शिरखुर्म्याची वाट पाहिली, तोच जमावाबरोबर का आला, आणि त्याच्या शेजारचा दुसरा त्याच जमावापुढे दार अडवून का उभा राहिला, याचे उत्तर मागांच्या संख्येत सापडत नाही. शहर का पेटले हे इंजिनिअर सांगतात, पण माणूस का पेटला हे बहुतेक वेळा सांगत नाहीत. दुसरे असे की या लेखनात बायकांचा आवाज क्षीण आहे. मुस्लिम स्त्रीच्या हक्कांवर ज्याने एवढे लिहिले, १९८५ च्या शाहबानो निकालाच्या वेळी मोठा जनसमुदाय विरोधात असताना ज्याने त्या वृद्धेची बाजू घेतली, त्याच्या दंगलविषयक लेखनात चूल विझलेली बाई क्वचितच स्वतःच्या तोंडाने बोलते. तिसरा दोष पुनरुक्तीचा. पंधरवड्याला लेख लिहिणाऱ्या माणसाकडून तो होणारच, पण सलग वाचताना तो जाणवतो. आणि चौथी गोष्ट, जिला दोष म्हणावे की आपले दुर्दैव, ते ठरवता येत नाही. हे सारे मुख्यतः इंग्रजीत आहे. ज्यांच्याविषयी ते लिहिले गेले त्या मागवाल्याला, कांडी भरणाऱ्या बाईला ते वाचता येत नाही. उर्दू-मराठीत काही अनुवाद झाले, पण मोहल्ल्यापर्यंत ते फार थोडे पोचले.

मात्र या गुणदोषांच्या हिशेबाने इंजिनिअर यांचे खरे मोल ठरत नाही, असे आमचे मत आहे. ते ठरवण्यासाठी त्यांच्या आयुष्यातल्या दुसऱ्या चळवळीकडे पाहावे लागते. १९७० च्या दशकात उदयपूरच्या बोहरा सुधारकांनी जमातीच्या कारभाराविषयी प्रश्न विचारले आणि त्यांतील अनेकांना बहिष्काराला तोंड द्यावे लागले. बहिष्कार म्हणजे काय, हे गावाकडच्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. सलाम-कलाम बंद, लग्नाला कोणी येणार नाही, मय्यतीला खांदा मिळणार नाही. या सुधारकांच्या बाजूने इंजिनिअर उभे राहिले आणि चळवळीच्या मध्यवर्ती मंडळाचे सरचिटणीस झाले. तेव्हा जयप्रकाश नारायण यांच्या पुढाकाराने स्थापन झालेल्या सिटिझन्स फॉर डेमॉक्रसी या संस्थेने निवृत्त न्यायमूर्ती नरेंद्र नथवानी यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी आयोग नेमला. औरंगाबादच्या मराठवाडा विद्यापीठातील आपले डॉ. मोईन शाकीर हे त्याचे एक सदस्य होते, ही गोष्ट मराठी मुसलमानांनी विसरू नये. १९७९ मध्ये आयोगाचा अहवाल आला आणि बहिष्कार व छळाच्या तक्रारींत तथ्य असल्याचे त्याने नमूद केले. जमातीच्या बाहेरच्या लोकांनी आमच्या धर्माच्या कारभारात डोकावू नये, असा आक्षेप त्या वेळी जोरात घेतला गेला. इंजिनिअर यांनी मात्र या आयोगाला संपूर्ण पाठबळ दिले.

या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या पाहिजेत. दंगलीनंतर आपण सारे सरकारला म्हणतो की चौकशी करा, साक्षी नोंदवा, अहवाल लोकांपुढे ठेवा. न्यायमूर्ती मादन यांनी १९७० च्या भिवंडी, जळगाव आणि महाडच्या दंगलींची चौकशी केली आणि भिवंडीतल्या पोलीस तपासाच्या पक्षपातावर कडक ताशेरे ओढले. तो अहवाल आपण डोक्यावर घेतला. मुंबईच्या १९९२-९३ च्या दंगलींविषयी आधी न्यायमूर्ती दाऊद आणि न्यायमूर्ती सुरेश यांनी लोकांच्या वतीने चौकशी केली. श्रीकृष्ण आयोग तर शासनाने २३ जानेवारी १९९६ रोजी गुंडाळलाच होता. दडपण आले म्हणून त्याच वर्षी मे महिन्यात तो पुन्हा सुरू झाला आणि १९९८ मध्ये त्याचा अहवाल आला. ९०० मृत, त्यांत ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ४५ अनोळखी आणि ५ इतर, ही नोंद त्यामुळे कायम झाली. या अहवालाच्या अंमलबजावणीसाठी आपण सभा घेतल्या, निवेदने दिली. ते योग्यच होते. पण हीच मागणी कोणी आपल्या घराच्या दारात उभे राहून केली, आपल्या संस्थेचा हिशेब मागितला, आपल्या जमातीच्या बहिष्काराची चौकशी मागितली, तर आपल्याला ती 'कौमची बदनामी' वाटते. इंजिनिअर यांनी दोन्हीकडे एकच माप लावले. सरकारकडून सत्य मागण्याचा अधिकार त्यांना होता, कारण घरातले सत्य मागण्याची किंमत त्यांनी आधी मोजली होती. त्यांच्यावर अनेकदा हल्ले झाले आणि फेब्रुवारी २००० मध्ये मुंबईत त्यांच्या घराची व कार्यालयाची मोडतोड झाली. चार वर्षांनी, २००४ मध्ये, स्वामी अग्निवेश यांच्यासोबत त्यांना राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला, तेव्हा आपल्यातल्या पुष्कळांना ते अचानक 'आपले' वाटू लागले.

येथे आम्ही वर्गात नेहमी शिकवतो तो एक शब्द आठवतो. 'शहादत' म्हणजे हौतात्म्य, एवढाच अर्थ मुलांना माहीत असतो. मोहरमच्या मजलिशींतून तो त्यांच्या कानांवर आलेला असतो. पण शहादतचा पहिला अर्थ साक्ष. शाहिद म्हणजे साक्षीदार, आणि आपण कलिमा पढतो तोही साक्ष म्हणूनच. साक्ष देताना आपले-परके पाहू नये, ती स्वतःवर किंवा आईबापांवर उलटली तरी मागे हटू नये, ही कुराणाची शिकवण सूरह निसामध्ये आलेली आहे. इंजिनिअर यांच्या विरोधकांनी त्यांना धर्मापासून दूर गेलेला माणूस ठरवले. त्यांचे 'अ लिव्हिंग फेथ' हे २०११ मध्ये प्रकाशित झालेले आत्मचरित्र वाचले तर उलट चित्र दिसते. दलवाई आणि त्यांच्यात हाच मोठा फरक आहे. दलवाईंनी धर्माच्या चौकटीबाहेर उभे राहून प्रश्न विचारले. आमिलाच्या मुलाने मात्र वडिलांनी शिकवलेल्या अरबीच्याच आधारावर प्रश्न विचारले. कोणाची वाट बरोबर, हा वाद ज्याने त्याने करावा. पण साक्ष देणे हे दीनचेच काम आहे, असे मानून जगलेला माणूस म्हणून इंजिनिअर यांच्याकडे पाहिल्याशिवाय त्यांचे लेखन पुरते कळत नाही.

आता आम्हाला स्वतःविषयीची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती लपवून हा लेख लिहिणे अप्रामाणिक ठरेल. काही वर्षांपूर्वी आम्ही एका उर्दू शाळेत नववीला शिकवत होतो. मुलांना काम दिले की घरातल्या वडीलधाऱ्यांना १९८४ विषयी विचारा आणि पानभर लिहून आणा. आम्हाला वाटले होते, पाच-सहा मुले आणतील. अठ्ठावीस कागद आले. आम्ही त्यांचे भित्तिपत्रक केले. त्यांत एका मुलीने आपल्या नानीचे बोलणे लिहिले होते. नानीच्या गल्लीत एका हिंदू शिंप्याचे दुकान होते. ते दुकान त्याच गल्लीतल्या आपल्या पोरांनी फोडले. नानांनी रात्री जाऊन शिलाई मशीन उचलून घरी आणले आणि वीस दिवस पलंगाखाली ठेवले. शिंपी परत आला तेव्हा ते त्याला दिले, पण तो गल्लीत राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या व्यवस्थापनातले एक गृहस्थ आले. त्यांनी सगळे कागद शांतपणे वाचले, मुलांचे कौतुक केले आणि जाताना म्हणाले, "बाकी सब बहुत अच्छा है सर, बस ये एक उतार दीजिए." आम्ही तो उतरवला. वाद घातला नाही. नोकरी नवी होती, हे कारण आम्ही तेव्हा मनाला दिले. त्या मुलीने मधल्या सुट्टीत येऊन विचारले, "सर, नानी झूठ बोली क्या?" आम्ही म्हणालो, "नहीं बेटा." पुढे काय बोलावे ते सुचले नाही. सत्तावीस कागद भिंतीवर राहिले आणि त्या सत्तावीसही कागदांचे मोल आमच्या हातून कमी झाले. आपल्यावर झालेला अन्याय खरा होता, याची सर्वांत भक्कम साक्ष त्या अठ्ठाविसाव्या कागदातच होती. जी नानी आपल्या पोरांविषयी खरे बोलली, ती जमावाविषयीही खरेच बोलत असणार.

इंजिनिअर यांचे निधन १४ मे २०१३ रोजी झाले. ज्या मेरठवर त्यांनी लिहिले, तेथील हाशिमपुऱ्याच्या १९८७ च्या हत्याकांडात २०१५ साली सारे आरोपी सुटले. मग ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने १६ जवानांना जन्मठेप सुनावली. न्यायाला एकतीस वर्षे लागली. त्या काळात सत्य जिवंत ठेवले ते ज्यांनी ज्यांनी लिहून ठेवले त्यांनी. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा विधिमंडळाने २०१६ साली केला आणि तो २०१७ मध्ये अमलात आला. बोहरा जमातीतील बहिष्काराचा घटनात्मक प्रश्न सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये मोठ्या पीठाकडे सोपवला. यांतले काहीही पाहायला इंजिनिअर नव्हते. भिवंडीपुरते बोलायचे तर सत्य बोलण्याचा एक लाभ आमच्या शहराने पाहिला आहे. १९८४ नंतर पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांत हिंदू-मुसलमानांना समोरासमोर बसवले, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. समोरासमोर बसले की दोघांनाही आपापल्या पोरांविषयी बोलावे लागते.

म्हणून इंजिनिअर यांच्या लेखनाचा वारसा चालवायचा म्हणजे त्यांच्या तसबिरीला हार घालणे नव्हे. त्यांच्या पुस्तकांचे मराठी आणि उर्दू अनुवाद शाळांच्या ग्रंथालयांत आले पाहिजेत. आणि त्यांनी जे केले नाही ते आपल्या लेखकांनी केले पाहिजे. चूल विझलेल्या बाईला, पलंगाखाली मशीन ठेवणाऱ्या नानांना आपल्या कथेत, आपल्या आत्मकथनात बोलू दिले पाहिजे. अहवाल जेथे थांबतो तेथून साहित्याचे काम सुरू होते, पण त्या कामालाही साक्षीचा तोच नियम लागू आहे.

तो उतरवलेला कागद आमच्या कपाटात आहे. यंदा दुसऱ्या शाळेत, दुसऱ्या नववीला आम्ही तेच काम दिले आहे. भित्तिपत्रक लावण्याआधी मुख्याध्यापकांना सांगून ठेवले आहे की येतील ते सगळे कागद लागतील, नाहीतर एकही लागणार नाही. ते अजून काही बोललेले नाहीत.